वाऱ्याचा अभ्यास

मननासाठी : लूक १४:२८-३०, निर्गम ३१:१-५



आपल्या हरणीच्या लोकांना विमानाचे अप्रूप राहिलेले नाही. विमानतळ दाराशीच आहे. घरगुती प्रार्थनासभेत डोक्यावरून विमान गेले की प्रार्थना करणारा क्षणभर थांबतो आणि आवाज विरला की पुढे चालू करतो. मोठ्यांचे डोळे मिटलेलेच राहतात, लहान मुले मात्र खिडकीकडे पाहतात. अशा पाहणाऱ्या मुलांपैकी एक मुलगी आता तेवीस वर्षांची आहे. संडे स्कूलमध्ये ती माझ्या वर्गात होती. तिने मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केले, गेट परीक्षेत चांगले गुण मिळवले, आणि सध्या तिच्या हातात दोन कागद आहेत. एक नोकरीचा, आणि दुसरा एरोस्पेस इंजिनिअरिंगमध्ये संशोधनाची पदव्युत्तर पदवी करण्यासाठी मुलाखतीचे बोलावणे.

गेले तीन आठवडे त्या घरात याच विषयावर बोलणे चालू आहे. मंडळीच्या भेटीगाठींचे काम माझ्याकडे असल्याने मीही त्यात ओढली गेले. तिचे वडील येत्या वर्षी निवृत्त होणार आहेत. ते म्हणाले, "ताई, शिकून झाले ना हिचे? आता पुन्हा पाच वर्षे कसले शिकायचे?" आईची काळजी लग्नाची. आणि मंडळीतले एक वडीलधारे, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, ते म्हणाले, "बाबेलच्या लोकांनीही आकाशाला हात लावायला पाहिले होते. त्यांचे काय झाले, ते आपण वाचतोच."

मुलगी मला म्हणाली, "मावशी, माझ्यासाठी फक्त प्रार्थना नका करू, त्यांना समजावूनही सांगा."

समजावून सांगायचे तर आधी आपल्याला समजले पाहिजे. म्हणून मी तिच्याकडूनच थोडे शिकून घेतले, थोडे वाचले, आणि ते आपल्या सर्वांपुढे मांडत आहे. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या मंडळीतली आणखी मुले या वाटेवर येणार आहेत. बडोद्यातच सी-२९५ या वाहतूक विमानांचा कारखाना उभा राहिला आहे. २०२१ साली ठरलेल्या ५६ विमानांपैकी ४० इथे जोडली जाणार आहेत. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या कारखान्याचे उद्घाटन झाले, हे आपण सर्वांनी पाहिले. मुले विचारतील, आणि घरी उत्तर द्यावे लागेल.

पहिली गोष्ट, वडिलांची काळजी म्हणजे विश्वासाची कमतरता नव्हे. प्रभू येशूनेच सांगितले आहे की बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि पाहणारे हसतात. ते तो शिष्यपणाबद्दल बोलत होता, पण हिशेब करणारा माणूस त्याने शहाणा म्हणून पुढे ठेवला. तेव्हा हिशेब करू.

संशोधनाची पदवी ही नेहमीच्या शिक्षणासारखी नसते. साध्या एम.टेक.मध्ये वर्ग आणि परीक्षा यांचा भाग मोठा आणि प्रकल्प त्यामानाने लहान. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.टेक. (रिसर्च) म्हणून, तर आयआयटी मद्रासमध्ये एम.एस. म्हणून जी पदवी आहे, तिच्यात विषय थोडे असतात आणि बाकी सारा काळ एका प्रश्नावर काम करून प्रबंध लिहायचा असतो. त्याला दोन-तीन वर्षे लागतात. पीएच.डी.ला साधारण पाच, कधी जास्तही. आधी काही विषयांचा अभ्यास, मग सर्वंकष परीक्षा, मग प्रयोग, शोधनिबंध, प्रबंध, बाहेरच्या परीक्षकांची तपासणी आणि शेवटी तोंडी परीक्षा. पैशाचे म्हणाल, तर गेटमधून एम.टेक.ला आलेल्यांना महिना १२,४०० रुपये मिळत आले आहेत. केंद्र सरकारच्या पीएच.डी. फेलोशिपचा दर २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे. म्हणजे कर्ज काढावे लागत नाही, पण घरी पाठवायला फारसे उरत नाही. मैत्रिणींचे पगार वाढत जातात, हिचे मात्र तेवढेच राहतात. ही किंमत खरी आहे. ती लपवून कोणाला आशीर्वाद देऊ नये.

आणि पैशाहून जड दुसरी एक किंमत आहे. उत्तर सापडेल याची खात्री नसते. एक मॉडेल तयार करायला महिने जातात. ते वाऱ्याच्या बोगद्यात ठेवायचे, म्हणजे मोठ्या पंख्याने ठरावीक वेगाने हवा सोडतात त्या लांब नळकांड्यात. मॉडेलच्या अंगावर बारीक भोके असतात आणि त्यांतून दाब मोजला जातो. आकडे आले, पण अपेक्षेसारखे नाही आले, की चूक मॉडेलची, यंत्राची की आपल्या समजुतीची, ते शोधत बसायचे. असे दिवस एकामागून एक जातात. नोकरीत महिनाअखेरीस काम झाल्याचे दिसते. इथे वर्ष संपले तरी दाखवायला काही नसते.

मी तिला विचारले, "मग यात तुला आवडते तरी काय?" तिने वर छताच्या पंख्याकडे बोट दाखवले. "मावशी, हा दिवसभर गरगर फिरतो. मग पात्यावरची धूळ उडून का जात नाही?"

खरेच, मी कधी विचार केला नव्हता. दर नाताळाआधी स्टुलावर चढून ती धूळ पुसते, एवढेच मला ठाऊक. तिने सांगितले की पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, तिथे धुळीला वारा लागतच नाही. वर हवेचा वेग हळूहळू बदलत जातो, आणि हा बदल एका पातळ थरात होतो. विमानाच्या पंखावरही असाच थर असतो, कुठे काही मिलिमीटर, कुठे थोडा अधिक. लुडविग प्रांटल नावाच्या जर्मन अभ्यासकाने १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत ही गोष्ट मांडली. वय एकोणतीस, भाषणाला दहा मिनिटे, आणि छापलेला निबंध आठ पानांचा. पण विमानाचे शास्त्र त्यावर उभे राहिले. कारण हा पातळ थर पंखाला धरून राहिला तर विमान तरंगते, आणि तो पंखापासून सुटला तर पंखाची उचल कोसळते. क्रिकेटच्या चेंडूचे स्विंग होणेही याच थरामुळे. शिवण असलेल्या बाजूचा थर खवळतो आणि चेंडूला जास्त वेळ धरून राहतो, गुळगुळीत बाजूचा आधी सुटतो, म्हणून चेंडू वळतो. आपल्या बडोद्याच्या इरफान पठाणने ज्या चेंडूंनी फलंदाज उडवले, त्यांचे गुपित या थरात होते.

ऐकताना मला निकदेमाची आठवण झाली. रात्री भेटायला आलेल्या त्या शिकलेल्या माणसाला प्रभूने वाऱ्याचेच उदाहरण दिले. आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो आणि कोठे जातो ते कळत नाही. ग्रीक भाषेत वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, हिब्रूतही तसेच. काही भाविकांना वाटते की वाऱ्याचे गणित मांडले म्हणजे देवाच्या कामातले आश्चर्य संपले. पंख्याच्या धुळीने माझे तरी आश्चर्य वाढले. ज्या गोष्टीकडे मी वीस वर्षे फक्त फडके घेऊन पाहिले, तिच्यात देवाने एवढा नियम भरून ठेवला होता. देव गोष्टी झाकून ठेवतो यात त्याचा गौरव आहे आणि त्या शोधून काढण्यात राजांचा, अशा अर्थाचे वचन नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. शोध घेणाऱ्यांना देवाने हाकलून दिलेले नाही.

वडिलांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या मराठी माणसाची. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते जर्मनीत ग्योटिंगेनला याच प्रांटल यांच्याकडे संशोधनासाठी गेले आणि १९३६ साली डॉक्टरेट घेऊन परतले. त्या वेळी हिंदुस्थानात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. नातेवाइकांनी विचारले असेल का, की या शिक्षणाचा इथे उपयोग काय? विचारले असल्यास त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. पण १९४० च्या शेवटी वालचंद हिराचंद यांनी बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली आणि घाटगे तिथे गेले. १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीतही ते होते. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेले एचटी-२ हे वैमानिकांना शिकवण्याचे विमान १९५१ साली उडाले. भारतीयांनी आखून भारतात बांधलेले ते पहिले विमान. पुढे अनेक वर्षे आपल्या वैमानिकांनी त्यावर हात बसवला. सरकारने १९६५ साली घाटग्यांना पद्मश्री दिली. तरी आज आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले होते? मी तरी या निमित्ताने ऐकले.

त्यांचा धर्म वेगळा, त्यांच्या कामाची साक्ष म्हणून मी त्यांना आपल्या विश्वासात ओढत नाही. मला त्यांच्याकडून एवढेच घ्यायचे आहे की १९३६ आणि १९५१ यांच्यामध्ये पंधरा वर्षे आहेत. बी पेरल्यावर शेतकरी रोज माती उकरून पाहत नाही, हे आपण पुलपिटावरून पुष्कळदा ऐकले आहे. आपल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे घातली. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ छापून आला १९२४ साली. केडगावला त्यांना कोणी विचारले नाही की एवढी वर्षे कसला अभ्यास करता. आपण त्या कष्टाला सेवा म्हणतो. मग प्रयोगशाळेतल्या मुलीच्या कष्टाला दुसरे नाव का?

निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाचा एक कारागीर आहे. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, ते कशासाठी? सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, रत्ने कोरण्यासाठी, लाकडावर काम करण्यासाठी. हे वाचताना मी नेहमी थांबते. आत्म्याचे दान म्हटले की आपल्याला उपदेश, गायन, रोगमुक्ती आठवते. इथे हाताचे कौशल्य आणि डोक्यातली अक्कल आहे.

आता बाबेलकडे येऊ, कारण वडीलधाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. तो अध्याय पुन्हा वाचला, तर तिथे उंचीला दोष दिलेला दिसत नाही. आपले नाव व्हावे, ही त्या लोकांची इच्छा होती. हा धोका संशोधनात नाही असे नाही, उलट भरपूर आहे. कोणाचे निबंध किती, कोणाला कोणी उद्धृत केले, कोण आधी परदेशी गेले, यात माणूस बाबेल बांधू शकतो. पण तसा तो दुकानात, कचेरीत आणि मंडळीच्या कमिटीतही बांधू शकतो. उलट, संशोधनात एक नम्रता अंगभूत आहे. वारा कोणाची भीड धरत नाही. मोजमाप आपल्या मताविरुद्ध आले तर मत सोडावे लागते. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही, ही प्रभूची शिकवण तिथे रोज कसाला लागते.

दुसरा अवघड प्रश्न मुलीनेच काढला. "मावशी, विमानाची विद्या युद्धातही वापरतात. मी काय करू?" मी तिला सोपे उत्तर दिले नाही, कारण ते माझ्याकडे नाही. त्याच पंखांवर औषधे जातात, पुरात अडकलेली माणसे बाहेर येतात आणि बाँबही जातात. तलवारीचे नांगर करणारा दिवस यशयाने पाहिला, तो अजून यायचा आहे. तिने हा प्रश्न मनात जागा ठेवावा, विषय निवडताना आणि पुढे नोकरी निवडताना तो देवापुढे मांडावा, आणि ज्या कामाला तिची सदसद्विवेकबुद्धी नकार देईल तिथे नाही म्हणण्याचे बळ मागावे. हे बळ तिला मिळावे म्हणून आपण तिच्या मागे उभे राहावे.

आणि हरणीच्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या मोटनाथ तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या आठवड्याची उपासना आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. बोटीवर किती माणसे चढवायची, तोल कुठे जातो, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट आहे की नाही, हे हिशेब कोणीतरी नीट करायचे असतात आणि कोणीतरी नीट पाळायचे असतात. ते होत नाही तेव्हा आयांच्या कुशी रिकाम्या होतात. तेव्हापासून मला मोजमाप हा शब्द रुक्ष वाटत नाही. अनोळखी माणसाच्या जिवासाठी काळजीपूर्वक मोजणे हीही शेजाऱ्यावरची प्रीती आहे. ज्या विमानात आपण निर्धास्त झोपतो, त्याच्यामागे कोणीतरी, कुठेतरी, पंखाचा एक आकडा दहा वेळा तपासलेला असतो.

शेवटी मंडळीविषयी. या शहराला विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहण्याचा वारसा आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी पाठवले. पण दुसरी बाजूही याच शहराची आहे. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि शहर सोडून जावे लागले. पैसे देणारा हात होता, दार उघडणारे हात नव्हते. आपल्यातल्या पुष्कळ घराण्यांना त्या बंद दाराचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

म्हणून मला वाटते, पदवीदान झाल्यावर पेढे वाटणे आणि उपासनेत टाळ्या वाजवणे पुरेसे नाही. मधली वर्षे आपली आहेत. दूरच्या शहरात तिला एखादी मंडळी जोडून द्यायची. महिन्यातून एकदा फोन करायचा, आणि "झाले का संपून?" असे न विचारता "या महिन्यात काय चालले आहे?" असे विचारायचे. सुट्टीत आली की लग्नाचा विषय आपण काढायचा नाही, आईवडील समर्थ आहेत. इथे वडिलांना बरे नसेल तर दवाखान्यात कोणीतरी जायचे, म्हणजे तिला तिथून धावत यावे लागणार नाही. हेही बुरुजाच्या खर्चात धरायला हवे, आणि हा खर्च मंडळी उचलू शकते.

गेल्या रविवारी उपासनेनंतर वडिलांनी मला थांबवले. खिशातून घडी केलेला कागद काढला. मंडळीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी पेन्शन, घराचा हप्ता, औषधे, धाकट्याची फी असे सगळे मांडले होते. म्हणाले, "ताई, ओढाताण होईल, पण दोन-तीन वर्षांची पदवी निभेल. पीएच.डी.चे तेव्हा पुन्हा बसून पाहू. तिला मुलाखतीला जाऊ दे." मग थोडे थांबून म्हणाले, "तिला निवडतील की नाही, ते मात्र या कागदावर मांडता येत नाही."

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. निवड झाली नाही तर काय, याचीही तयारी त्या घरात चालू आहे. नोकरीच्या कागदाची मुदत तोवर टिकेल की नाही, हे अजून कळलेले नाही. आपण एवढे नक्की करू शकतो की जे होईल त्यात ते घर एकटे राहणार नाही.

चला, प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, वारा तुझा आहे आणि त्याचे नियमही तुझेच आहेत. जी मुले तुझी सृष्टी समजून घ्यायला निघाली आहेत, त्यांना धीर दे, खरेपणा दे, आणि नाव कमावण्याच्या मोहापासून राख. त्यांच्या आईवडिलांच्या मनाला शांती दे. जी घरे तलावाकाठी रिकामी झाली, त्यांना तुझ्या कुशीत घे. आणि आम्हाला, तुझ्या मंडळीला, मधल्या लांब वर्षांत सोबत करायला शिकव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.